बेचाळीस मुले, सत्तर मुली

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, साताऱ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत सहावीची गणिताची घटक चाचणी झाली. पेपर वीस गुणांचा होता आणि एकतीस मुलांनी तो दिला. नवव्या प्रश्नाचे उत्तर सात मुलांनी ३ असे लिहिले. बरोबर उत्तर १४ होते. त्या सातांत माझी मुलगी होती.

प्रश्न असा होता: एका शाळेच्या संचलनात ४२ मुले व ७० मुली आहेत. मुलांच्या व मुलींच्या वेगवेगळ्या रांगा करायच्या आहेत. प्रत्येक रांगेत विद्यार्थ्यांची संख्या समान हवी. एका रांगेत जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतील? दोन गुण. उत्तर चौकटीत लिहायचे होते, रीत दाखवायची नव्हती.

बेचाळीसचे विभाजक १, २, ३, ६, ७, १४, २१ आणि ४२. सत्तरचे १, २, ५, ७, १०, १४, ३५ आणि ७०. दोन्ही याद्यांत सापडतात ते १, २, ७ आणि १४. त्यांतला सर्वांत मोठा चौदा, तो मसावि. तीन पहिल्या यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही. सत्तरला तीनने भागले तर एक उरतो.

गणिताच्या मॅडमनी गुरुवारी सकाळी अकराला मला शाळेत बोलावून हे सगळे कागदावर मांडून दाखवले. त्या आष्ट्याच्या. घर जैन शेतकऱ्यांचे, द्राक्षबाग आणि बेदाण्याचा व्यापार. जूनपासून त्या आमच्या शाळेत होत्या. माझे माहेर सांगलीचे, त्यामुळे पहिली पाच मिनिटे बोलणे तिकडच्या उन्हाचे आणि पाण्याचे झाले. मग त्यांनी सात पेपर टेबलावर ओळीने ठेवले.

"सातांचं नुसतं चुकलं असतं तर मी काही बोलले नसते," त्या म्हणाल्या. "विभाजक सुटला की मुलं सात लिहितात. घाईत असली की दोन. लसावि काढून बसली की दोनशे दहा. हे मला कळतं. तीन कुठनं येतो? आणि सातजणांना एकदम येतो?"

त्यांनी एक पेपर माझ्याकडे सरकवला.

"आणि हे बघा."

सातांपैकी चार पेपरांत उत्तराच्या चौकटीशेजारी पेन्सिलीची एक खूण होती. एकाखाली एक तीन छोटे चौकोन आणि त्यांतल्या खालच्या दोनांत फुल्या. चारही ठिकाणी सारखीच. माझ्या मुलीच्या पेपरवर ती सर्वांत ठळक होती.

"ही खूण कुठल्या पुस्तकात आहे?" मॅडमनी विचारले.

मी ती खूण त्याआधी पाहिलेली नव्हती. मी फोनवर पेपरचा फोटो काढून घेतला.

मुलीला वर्गातून बोलावण्यात आले. मॅडमनी तिला माझ्यासमोर विचारले, तीन कसे आले. ती म्हणाली, "रांगा तीनच्याच असतात." कोण म्हणतं, असे विचारल्यावर तिने उत्तर दिले नाही. दोनदा विचारूनही दिले नाही. ती पायाचा अंगठा चपलेत आत-बाहेर करत उभी राहिली.

सातही मुलांनी कागदावर एक वाक्य लिहून आणायचे होते: मी चाचणीत कॉपी केली, पुन्हा करणार नाही. खाली पालकाची सही. मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. जो कागद आणणार नाही त्याला चाचणीत शून्य, आणि सव्वीस जानेवारीच्या संचलनातून तो बाहेर.

संचलनात हुकूम द्यायचे काम माझ्या मुलीकडे होते. नोव्हेंबरपासून ती त्याची तयारी करत होती. आंघोळ करताना आणि भाकरीची वाट बघतानाही ती हुकूम म्हणायची. एकदा तिने गोठ्यासमोर दिलेल्या 'सावधान'ने शेजारची म्हैस दावे तोडून पळाली होती.

मी तिथून साताऱ्याच्या बसमध्ये बसले. मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करते. त्या दिवशी माझ्याकडे पाणीपुरवठ्याची बैठक, रस्त्याच्या कामाची एक तक्रार आणि शिरवळच्या एका कारखान्यातल्या कामगारांचे निवेदन एवढे होते. दुपारी दोन ते चार या वेळात मी सहा वेळा जागेवरून उठले. पाणी प्यायले, फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. निवेदनाची बातमी दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा कामगारांची संख्या चुकवली. ती शेजारच्या सहकाऱ्याने दुरुस्त केली.

चारला मी घरी फोन करून मुलीला विचारले, "खरं सांग. कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचं न्हाई."

"मग कुणाला दाखवलंस?"

"कुणाला न्हाई."

मी तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने फोन ठेवला. त्या वेळी मला तिच्या बोलण्याची खात्री नव्हती. मी मनात सहीचा विचार करत होते, ही नोंद इथे करणे भाग आहे.

साडेपाचला घरी पोचले तेव्हा ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. हातात वही होती. मागच्या नऊ पानांवर तिने विभाजक काढले होते. दारातल्या टेम्पोच्या नंबरचे, सिलेंडरवरच्या आकड्यांचे, कॅलेंडरवरच्या तारखांच्या जोड्यांचे. मी सगळे तपासले. एक चूक होती, एक्याण्णव ही मूळ संख्या धरली होती. ती सात गुणिले तेरा आहे. मी दाखवल्यावर तिने खोडून पुन्हा लिहिले.

"सांग अजून," ती म्हणाली.

"नव्वद आणि एकशे पन्नास."

"तीस. अजून."

"अठ्ठेचाळीस आणि बहात्तर."

"चोवीस. अजून."

"तुला येतंय की. मग त्या दिवशी चौदा का नाही लिहिलंस?"

"त्यात रांगा व्हत्या."

"बस एका जागी आधी."

"तू तरी बसलीयेस का?"

मी उभीच होते.

माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते त्या वेळी शेताकडे गेले होते. मुलीने मला एवढेच सांगितले की आबांना यातले काही सांगायचे नाही. का, ते सांगितले नाही.

माझे पतीही सैन्यात आहेत. तेव्हा त्यांची नेमणूक उत्तरेत होती. त्यांचा फोन साधारण एक दिवसाआड, संध्याकाळी साडेसातला येत असे. गुरुवारी तो आला. मी चाचणीबद्दल काही न सांगता त्यांना प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. असे का केले, हे मला आज सांगता येत नाही. कदाचित दुसऱ्या कुणाला तरी तो प्रश्न घालून बघायचा होता.

प्रश्न संपण्याआधीच ते म्हणाले, "तीन."

"कसं काय?"

"कसं म्हंजे? किती पोरं हाईत त्याचा काय संबंध? रांग तीनचीच असती."

"अहो, सत्तरला तीनने भाग जात नाही."

"मग एक उरंल. त्याची ब्लँक फाइल करायची."

"म्हणजे?"

"आगं, तीन-तीन जणं एकामागं एक उभी राहत्यात, त्याला फाइल म्हणायचं. एकच शिल्लक असला तर त्याच्या फाइलीत पुढं तो, मधी कोण न्हाई, मागं कोण न्हाई. ती डावीकडनं दुसरी ठेवायची. लांबनं कळत न्हाई."

मी त्यांना पेपरचा फोटो पाठवला. दहा-बारा सेकंदांनी ते हसले.

"ही कुणी काढली? बरोबर काढलीय की. पुढचा भरलेला, दोन रिकामं."

"तुमच्या मुलीनं."

"लय भारी. आबांनी शिकवलं असणार परेडला."

शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते. जागा रिकामी होती. म्हणून नोव्हेंबरपासून आबा रोज सकाळी सात ते आठ मैदानावर मुलांची कवायत घेत होते. ते मैदानावर चुन्याच्या फक्कीने चौकोन आखून प्रत्येकाची जागा ठरवतात आणि रिकाम्या जागेवर फुली मारतात, हे मला त्या संध्याकाळी कळले. अडीच महिन्यांत मी मैदानावर एकदाही गेले नव्हते. माझ्या माहेरी कुणी फौजेत नाही.

मग मुलीने बाकीचे सांगितले. डिसेंबरात एका पालकाने आबांच्या शिव्यांची तक्रार केली होती. पुन्हा तक्रार आली तर कवायत बंद, असे मुख्याध्यापक मुलांसमोर बोलले होते. मॅडमनी "कोण म्हणतं" असे विचारले तेव्हा आबांचे नाव घेतले तर ती दुसरी तक्रार ठरेल, असे तिला वाटले होते. बाकीच्या सहांनीही नाव घेतले नव्हते. त्यांनी आपसांत तसे ठरवले होते का, हे मी विचारले. ती म्हणाली, ठरवायचं काय त्यात.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी छापत नाहीत. शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी दूध घालायला स्वतः डेअरीवर गेले. ओट्यावर चौघे बसले होते. तिघे माजी सैनिक, चौथे शेतकरी. मी त्यांना तोच प्रश्न विचारला.

"कशाला, बातमी हाय व्हय?" पहिले म्हणाले.

"नाही, सहज. बेचाळीस मुलं, सत्तर मुली. एका रांगेत किती?"

"तीन."

"तीनच की," दुसरे म्हणाले.

तिसऱ्यांनी विचारले, "युनिट कंचं?"

"शाळेतली मुलं आहेत हो."

"मग बी तीन."

शेतकरी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. ते म्हणाले, "चौदा येतंय का काय गं?"

ओट्यावर हशा झाला. "ह्यो तीनदा भरतीत नापास झालेला गडी," पहिले म्हणाले. "म्हणून चौदा म्हणतुय."

"आरं, पण बरोबर कोण हाय त्ये तरी इचारा तिला," शेतकरी म्हणाले.

मी कॅन घेऊन निघाले.

त्याच दिवशी दहाला मी मॅडमना भेटले आणि मैदानावरच्या चौकोनांचे सांगितले. मुलीकडून घेतलेली संचलनाची यादी सोबत नेली होती. यादीत एकोणचाळीस नावे होती, त्यांतली सहावीची नऊ. तीन लिहिणारी सातही मुले या नवांत होती. उरलेल्या दोघांनी चौदा लिहिले होते. ते दोघे आठवड्यापूर्वीच कवायतीत आले होते आणि फक्कीचे चौकोन आखले त्या दिवशी नव्हते.

मॅडमनी यादी दोनदा वाचली.

"सात जण रोज सकाळी एका मैदानावर एकत्र असतात, हे यातनं कळतं," त्या म्हणाल्या. "एकत्र असणाऱ्यांनीच कॉपी केली, असंही यातनं निघतं. नाही का?"

निघत होते. मी तसे म्हणाले.

"आणि तुम्ही आई आहात."

तेही खरे होते.

"पाच जणांनी कागद आणून दिलेत," त्या म्हणाल्या. "सह्या आहेत पालकांच्या. केलं नसतं तर पाच घरांनी सही दिली असती का?"

 त्या पाचांपैकी दोन घरी मी नंतर विचारले. दोन्ही घरांत पालकांनी वाक्य न वाचता सही केली होती. इतर तीन घरांचे मला माहीत नाही.

मॅडम खिडकीशी गेल्या, परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पुन्हा उठल्या. मग म्हणाल्या, "उद्या बघते. तुम्ही कुणाशी बोलू नका. मुलीशीसुद्धा नाही."

मी बोलले नाही. शुक्रवारी संध्याकाळी मुलगी जेवताना तीनदा ताटावरून उठली. कोरा कागद तिच्या दप्तरात होता. त्यावर तिने काही लिहिले नव्हते आणि मी सही केली नव्हती. आबा तिला म्हणाले, "पोरी, आवाज बसलाय का? आज हुकूम ढिला हुता." ती म्हणाली, "न्हाई ओ." आबांनी माझ्याकडे पाहिले. मी भाताचे पातेले उचलून आत नेले.

शनिवारी शाळा सकाळची होती, म्हणून कवायत नव्हती. आठला मॅडमनी सातवीतल्या बारा मुलांना एकेक करून कार्यालयात बोलावले. सहा संचलनातली आणि सहा संचलनात नसलेली. सातवीने तो पेपर पाहिलेला नव्हता. मुलाने आत यायचे, प्रश्न ऐकायचा, उत्तर कागदावर लिहून द्यायचे आणि मागच्या दाराने वाचनालयात जाऊन बसायचे. बाहेर कुणाशी गाठ पडू नये म्हणून वाचनालयाच्या दारात शिपाई उभे होते. मुख्याध्यापक कार्यालयात बसून होते. मला व्हरांड्यात थांबायला सांगितले होते.

व्हरांडा बावीस पावलांचा होता. मी तो किती वेळा चालले, मोजलेले नाही.

साडेआठच्या सुमाराला आबा फाटकातून आत आले. पांढरा सदरा, डोक्यावर फौजेची जुनी टोपी. डेअरीच्या ओट्यावर माझा प्रश्न त्यांना कुणीतरी सांगितला होता आणि दोन दिवस घरात कुणी बोलत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले होते. बाकीचे त्यांनी वाटेत सातांपैकी एका मुलाच्या वडिलांकडून काढून घेतले होते.

"काय गं," ते मला म्हणाले, "माझ्या तीनपायी पोर चोर ठरली, आन् मला सांगाय नगं?"

"तिनंच सांगू नका म्हटलं, आबा."

"का?"

"कवायत बंद होईल म्हणून."

 त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते थेट कार्यालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. आत बारावे मूल नुकतेच मागच्या दाराने गेले होते.

"आवं मॅडम," आबा म्हणाले, "चौदाची रांग आख्ख्या फौजेत कुणी बघितलीया का? मागच्याला हुकूम ऐकू तरी जाईल व्हय?"

"आबा, या बसा," मॅडम म्हणाल्या. "हे गणित आहे. यात हुकूम नाही, भागाकार आहे."

"मग भागाकारात पोरं कशाला उभी करताय? तुमच्याकडचा बेदाणा घाला की. त्यो काय सावधान हुत न्हाई."

मुख्याध्यापकांनी तोंडावर रुमाल धरला.

"घातला असता," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडं पेट्या भरताना उरलेला बेदाणा भरणारा तोंडात टाकतो. मुलं कुठं टाकू?"

"ब्लँक फायलीत," आबा म्हणाले.

मॅडमनी कागद आबांसमोर सरकवले. ते मीही दारातून पाहिले. संचलनातल्या सहा मुलांपैकी पाचांनी तीन लिहिले होते, एकाने चौदा. तीन लिहिणाऱ्यांपैकी दोघांनी शेजारी एकाखाली एक तीन चौकोन काढले होते आणि खालच्या दोनांत फुल्या मारल्या होत्या. संचलनात नसलेल्या सहांपैकी चौघांनी चौदा, एकाने सात आणि एकाने दोन लिहिले होते. तीन कुणीही लिहिले नव्हते.

आबा कागद एकेक करून वर-खाली करत राहिले. फुल्यांवर त्यांनी बोट ठेवले.

"सत्तरला एक उरतोय, हे पोरांनी वळखलंय," ते म्हणाले. "भागाकार केल्याबिगर ही फुली मारता येत न्हाई, मॅडम."

"ते मलाही दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "पण प्रश्न तो नव्हता. तीन चूकच आहे."

"चूक असंल. चोरी न्हाई."

"चोरी नाही," मॅडम म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी आबांना विचारले की कवायतीला कुणाची लेखी परवानगी आहे. आबा म्हणाले, नाही. मुख्याध्यापकांनी शिपायांकरवी शाळेचा कागद मागवला आणि तिथेच चार ओळी लिहून सही-शिक्का केला. त्यात शिव्यांबद्दल एक अट होती. आबांनी ती वाचली, "बरं" म्हणाले आणि कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मॅडम सहावीच्या वर्गात गेल्या. मी व्हरांड्यात होते, दार उघडे होते. त्यांनी पाच मुलांना त्यांचे सहीचे कागद परत दिले. त्या म्हणाल्या, "तुम्ही कॉपी केली असं मी म्हटलं होतं. ते बरोबर नव्हतं." मग फळ्यावर बेचाळीस आणि सत्तरचे विभाजक लिहायला त्यांनी माझ्या मुलीला उठवले. तिने दोन्ही याद्या लिहिल्या, चार संख्यांभोवती गोल केले आणि चौदाखाली दोन रेघा ओढल्या.

"आणि तीन?" मॅडमनी विचारले.

"सत्तरमधी एक उरतो."

"मग तो कुठं जातो?"

मुलीने खडू खाली ठेवला नाही. ती दाराकडे पाहत राहिली. आबा माझ्या मागे येऊन उभे होते.

"गणितात कुठंच न्हाई जात," ती म्हणाली. "म्हणून तीन चालत न्हाई."

सोमवारी तपासलेले पेपर मुलांना परत मिळाले. माझ्या मुलीच्या पेपरवर नवव्या प्रश्नासमोर शून्य आहे. बेरीज वीसपैकी अठरा. पेन्सिलीची खूण खोडलेली नाही. तिच्याशेजारी मॅडमनी लाल शाईने एक बारीक प्रश्नचिन्ह आधीच्या आठवड्यात काढले होते, तेही तसेच आहे. माफीनाम्याचा कोरा कागद दप्तरात फेब्रुवारीपर्यंत होता. नंतर त्याच्या मागे तिने भूगोलाचा नकाशा काढला.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर संचलन झाले. यादीत एकोणचाळीस मुले होती. हुकूम देणारी रांगेबाहेर असल्याने अडतीस उरली. ती तीन-तीनच्या फाइलींत उभी राहिली, पुढे तेरा, मध्ये बारा, मागे तेरा. डावीकडून दुसऱ्या फाइलमध्ये मधली जागा रिकामी होती. "तीनों तीन में दाहिने चलेगा, दाहिने मुड" हा हुकूम माझ्या मुलीने दिला. गणिताच्या मॅडम मैदानाच्या डाव्या कडेला, मुख्याध्यापकांच्या शेजारी उभ्या होत्या. संचलन सुरू झाले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती.